बाबांच्या सीबीसीमधले दोन आकडे

बाबांच्या ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठीच्या, ऑपरेशनआधीचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) मी अजून फाईलमध्ये जपून ठेवलाय. पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांपैकी न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १२. भागाकार ७. हा आकडा ४ च्या वर असलेले रुग्ण कमी जगले, असं काही अभ्यासांत वाचलं आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी डॉक्टरांनी आधी विचारलं, "डेक्सामेथासोन कधीपासून चालू आहे?" चार दिवस झाले होते. मेंदूची सूज उतरवणारं हे स्टेरॉइडच न्यूट्रोफिल वाढवतं, लिम्फोसाइट घटवतं. मग त्या सातात गाठ किती आणि गोळी किती, कोण सांगणार? पुढे टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधानेही लिम्फोसाइट खाली येतात. वय, एमजीएमटीचा रिपोर्ट (केमो किती लागू पडेल हे सुचवणारी गाठीची जनुक तपासणी), गाठ किती निघाली, यांवर माझा जास्त भरवसा. आईला तो सात मी अजून सांगितलेला नाही.