कंठीरव ते फातोर्डा : पैसे गेले, तिकीट नाही

२ एप्रिल २०२५, बुधवार, रात्रीचे साडेनऊ. बेंगळूरच्या कंठीरव स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना नुकताच संपला होता. एफसी गोवाविरुद्ध आम्ही, म्हणजे बेंगळुरू एफसी, दोन-शून्यने जिंकलो होतो. खेळाडू वेस्ट ब्लॉकसमोर, म्हणजे कट्टर समर्थक बसतात त्या भागासमोर, रांगेत उभे राहिले, सगळ्यांनी हात वर केले आणि ती संथ, मग वेग घेत जाणारी टाळी सुरू झाली. त्या टाळीसाठी मी बेळगावहून पाचशे किलोमीटर आलो होतो, आणि नेमका त्याच वेळी मी फोनकडे बघत होतो. खात्यातून १,६०० रुपये गेल्याचा मेसेज आला होता. तिकिटाच्या अ‍ॅपवर मात्र नुसतं चाक फिरत होतं.

रविवारी, ६ एप्रिलला, परतीचा सामना गोव्यात फातोर्ड्याला होता. त्याची तिकिटं संपतील या भीतीने मी स्टेडियममध्येच बसून चार तिकिटं काढायला घेतली होती. शेजारी धाकटा भाऊ होता. मी पुन्हा बटण दाबणार एवढ्यात तो ओरडला, "अरे काय करूलालास? परत दाबू नको की!" त्याचं ऐकलं म्हणून आणखी १,६०० रुपये अडकले नाहीत.

ही पहिली सूचना लिहून ठेवा : भरल्या स्टेडियममध्ये बसून पैसे भरू नका. हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात आणि रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसल्या तरी डेटा पुढे सरकत नाही. बाहेर या, मेट्रो स्टेशनपर्यंत चाला, मग फोन काढा.

बेळगाव या दोन मैदानांच्या मधे आहे, म्हणून हा सगळा खटाटोप. बेंगळूरला जायला एक रात्र लागते, तर गोव्याला घाट उतरून साडेतीन-चार तास. आमच्या शहापुरात दोन्ही संघांची पोरं आहेत. कॅम्पातल्या शाळांतून फुटबॉल खेळलेली मंडळी बहुतेक गोव्याची, कारण त्यांनी लहानपणापासून गोव्याचेच खेळाडू पाहिले. मी बेंगळुरू एफसीचा झालो तो १७ मार्च २०१९ च्या रात्री. मुंबईतल्या अंतिम सामन्यात ११७व्या मिनिटाला मुंबईच्याच राहुल भेकेने गोव्याविरुद्ध गोल केला आणि सामना तिथेच संपला. तेव्हापासून या दोन संघांची गाठ पडली की मला घरात बसवत नाही.

कंठीरवला पोचणं सोपं आहे. रेल्वेने सकाळी उतरा. त्या स्टेशनाला आमच्याच जिल्ह्यातल्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं नाव आहे, आणि उतरताना ते वाचलं की मला दर वेळी बरं वाटतं. स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिकहून जांभळ्या मार्गाच्या मेट्रोने कब्बन पार्क, तिथून चालत. मैदानाभोवती अ‍ॅथलेटिक्सची धावपट्टी आहे, त्यामुळे खेळ लांब वाटतो. जर्सीवरचे नंबर ओळखायला डोळे ताणावे लागतात. पण आमचे समर्थक, वेस्ट ब्लॉक ब्लूज, नव्वद मिनिटं गप्प बसत नाहीत, आणि ते अंतर त्या आवाजाने भरून निघतं. आमच्या पुढे हुबळीची चार पोरं होती. अर्धं कन्नड, अर्धं हिंदी असं आमचं बोलणं चाललं. मध्यंतराच्या थोडं आधी गोव्याच्या संदेश झिंगनकडून स्वयंगोल झाला तेव्हा त्यातल्या एकाने मला उचलून घेतलं. मध्यंतरानंतर आमच्या एडगर मेंडेझने दुसरा मारला. निळी जर्सी घातली की तिथे कोणी कुठली भाषा, कुठला गाव विचारत नाही. बेळगावच्या माणसाला याची किंमत कळते.

रात्री आनंदराव सर्कलजवळून बस पकडली. बसमध्ये झोप लागली नाही. अ‍ॅपवर आता "व्यवहार प्रलंबित" असं दिसत होतं.

गुरुवारी सकाळी बेळगावात उतरून, आंघोळ करून थेट बँकेत. कुठली बँक ते लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने पासबुक पाहिलं, म्हणाला, आमच्याकडून पैसे गेलेत, अ‍ॅपवाल्यांना विचारा. अ‍ॅपच्या मदत क्रमांकावर चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे पैसे आलेच नाहीत, बँकेला विचारा. परत बँकेत गेलो. "नाळे बर्री." उद्या या.

शुक्रवारी गेलो. ज्यांना भेटायचं ते साहेब ट्रेनिंगला गेलेले. दुसऱ्या टेबलावरच्यांनी सांगितलं, चोवीस तास थांबा, आपोआप येतील. मी म्हटलं, छत्तीस तास झाले. तर म्हणाले, मग अठ्ठेचाळीस तास थांबा. अ‍ॅपच्या चॅटवर लिहिलं की दर वेळी एकच उत्तर येई, आपली विनंती नोंदवली आहे. मी चार वेळा तेच टाइप केलं आणि चार वेळा नवा क्रमांक मिळाला. आधीच्या क्रमांकाचं काय झालं हे कोणालाच सांगता येईना. हा राग अजून गेलेला नाही. १,६०० रुपयांसाठी कोणी भिकेला लागत नाही. पण माझ्या खात्यातून गेलेल्या पैशांबद्दल दोन काचेच्या टेबलांमध्ये मला चेंडूसारखं टोलवलं गेलं, आणि दोघांच्याही बोलण्यात घाई नव्हती. घाई फक्त मला होती, कारण सामना रविवारी होता.

मला तेव्हा जे कळलं नव्हतं ते असं. दोघंही खरं बोलत होते. यूपीआयने पैसे भरताना आपली बँक खात्यातून रक्कम वजा करते, मग ती मधल्या यंत्रणेतून दुकानदाराच्या बँकेकडे जाते, आणि "मिळाले" असा निरोप उलट यावा लागतो. तो निरोप वेळेत आला नाही की दुकानदाराच्या बाजूने ऑर्डर रद्द होते. आपली रक्कम मधेच लटकते आणि दोन्हीकडचे हिशेब जुळवले जातात तेव्हा परत फिरते. म्हणजे काउंटरवरच्या माणसाला स्क्रीनवर फक्त "गेले" एवढंच दिसतं आणि अ‍ॅपवाल्यांना काहीच दिसत नाही.

शनिवारी, ५ तारखेला, पहिला शनिवार असल्याने बँक उघडी होती. त्या दिवशी आतल्या केबिनमधल्या मॅडम भेटल्या. कन्नड बोलणाऱ्या, पण माझं मराठी ऐकून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बसा. बारा आकडी नंबर आणलाय काय?" तीन दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला एक बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो आपल्या पैशांच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. त्या क्रमांकाशिवाय कोणतीही तक्रार पुढे जात नाही, आणि मी तीन दिवस तारीख आणि रक्कम सांगत फिरत होतो. मॅडमनी दोन गोष्टी करायला लावल्या. एक, पैशांच्या अ‍ॅपमध्येच त्या व्यवहाराखाली तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक जपायचा. दोन, कागदावर अर्ज लिहायचा, दोन प्रती, आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. फोनवर बोललेलं हवेत जातं, शिक्का राहतो.

आणि तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली, जी प्रत्येकाला माहीत असायला हवी. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला भरलेले पैसे खात्यातून गेले पण त्याच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. माझी मुदत ७ एप्रिलला संपत होती.

म्हणजे सामन्याआधी पैसे येणार नाहीत हे नक्की झालं. बाहेर येऊन मडगावच्या आतेभावाला फोन केला. तो कट्टर गोव्याचा, घरात गव्याचं चिन्ह लावलेला. त्याने दहा मिनिटांत स्वतःच्या फोनवरून चार तिकिटं काढून पाठवली. हे मी गुरुवारीच करायला हवं होतं. पैसे अडकले तर त्यांचा पाठपुरावा एकीकडे आणि तिकीट दुसरीकडे, अशी दोन कामं वेगळी करा. मी दोन्ही एकाच दोरीत बांधली आणि तीन दिवस घालवले.

रविवारी रामनवमी होती. दुपारी बाराला पाळणा झाला, सुंठवडा घेतला, आत्यासाठी कुंद्याचा डबा घेतला आणि मित्राच्या गाडीतून निघालो. खानापूर, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा, बोरीचा पूल. मोलेच्या जंगलातून जाताना मित्र म्हणाला, गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे, म्हणून संघाचं चिन्ह गवा. पाचच्या आत आर्लेमला आत्याच्या घरी पोचलो. आत्याने निळ्या जर्सीवर साधा शर्ट घालायला लावला, कारण आतेभावाने काढलेली तिकिटं गोव्याच्या प्रेक्षकांमधली होती. तिचं ऐकलं. भांडणं होतात असं नाही, पण दुसऱ्याच्या घरात बसून त्याच्या तोंडावर नाचणं मलाही पटत नाही.

फातोर्ड्याचं मैदान १९८९ पासूनचं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने इथे झाले. मला मात्र ते १८ मार्च २०२३ मुळे लक्षात आहे. अंतिम सामन्यात इथेच आमचा संघ पेनल्टीवर हरला होता. मी तो घरी टीव्हीवर पाहिला, तरी फाटकातून आत शिरताना पोटात गोळा आला. इथे कंठीरवपेक्षा खेळाडू जवळ वाटतात. कॉर्नर घेणाऱ्याचा चेहरा दिसतो. बाहेरच्या गाड्यांवर रोस ऑम्लेटचा वास दरवळत असतो. खाणं बाहेरच उरका, आत काही नेऊ देत नाहीत. पॉवर बँक, पाण्याची बाटली, हेल्मेटही नाही, दोन्ही मैदानांत. दुचाकीवरून येणार असाल तर हेल्मेट ठेवायची सोय आधी बघा. आम्ही आत्याचं घर जवळ असल्याने सुटलो.

माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. आमच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "तुमी खंयच्यान आयल्यात?" बेळगावचे म्हटल्यावर ते खुश झाले. त्यांची बहीण खानापूरला दिलेली. सामना सुरू असताना माझ्या आजूबाजूला सगळे कोंकणीत चिडत होते, कोंकणीत देवाला हाका मारत होते, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता. कंठीरवला माझा संघ होता, पण मागची पोरं काय म्हणून ओरडतात ते भावाला विचारावं लागायचं, कारण त्याचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं. इथे संघ त्यांचा आणि बोली माझ्या आत्याची. "फोर्सा गोवा"च्या घोषणा उठल्या की माझ्या अंगावरही काटा येत होता. हे मी आतेभावाला सांगितलेलं नाही.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. ४९व्या मिनिटाला गोव्याच्या बोर्हा एर्रेराने गोल केला. ८८व्या मिनिटाला सादिकूने दुसरा केला आणि दोन सामने मिळून दोन-दोन अशी बरोबरी झाली. काका उभे राहून रडत होते. मी मान खाली घालून बसलो. जादा वेळ होणार असंच सगळे धरून चालले होते. आणि ९२व्या मिनिटाला आमच्या चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला. निवृत्ती घेतलेल्या छेत्रीला मार्चमध्ये भारतीय संघात परत आणणारे प्रशिक्षक मनोलो मार्केझच तेव्हा गोव्याचेही प्रशिक्षक होते. एवढं मोठं स्टेडियम एका क्षणात गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. भावाने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. आम्ही ओरडलो नाही. काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जा, जपून घाट चढा. त्यांना शर्टाच्या कॉलरखालचा निळा दिसला असणार.

परतीच्या घाटात बराच वेळ रेंज नसते, घरी फोन करायचा तर मोलेआधीच करा. आणि १२ तारखेला कोलकात्यात अंतिम सामन्यात मोहन बागानने आम्हाला हरवलं, ते वेगळं दुखणं.

पैसे १४ एप्रिलला परत आले. मुदत उलटून सात दिवस झाले होते. ७०० रुपये आपोआप यायला हवे होते, आले नाहीत. मी पुन्हा अर्ज लिहिला. व्यवहाराची तारीख, बारा आकडी क्रमांक, मुदत संपल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, सात दिवसांचे ७०० रुपये. खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. मॅडमनी शेवटची ओळ वाचली, काही बोलल्या नाहीत, दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. ९ मेला रक्कम जमा झाली. मी त्याच दिवशी शाखेत जाऊन ती ओळ पासबुकात छापून घेतली.