शेअर्ड की डेडिकेटेड: क्लायंटच्या 14 साइटचा हिशेब

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दादरच्या एका मिठाईवाल्याच्या साइटवर 508 चा एरर येऊ लागला. मोदकांचं बुकिंग जोरात, त्यामुळे क्लायंटचं म्हणणं सरळ होतं: "शेअर्ड सोडा, आपला स्वतःचा सर्व्हर घेऊ." माझ्याकडच्या 14 साइट तेव्हा शेअर्डवरच, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवरच होत्या; स्वतःचा म्हणजे डेडिकेटेड, पूर्ण यंत्र एकट्याचं. म्हणून एकीचाच नाही, सगळ्यांचा हिशेब मांडला.

सुरुवात सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमधल्या 'रिसोर्स युसेज'पासून केली. आजकाल बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर क्लाउडलिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि ती प्रत्येक खात्याला वेगळी मर्यादा घालते. त्याचे मूळ आकडे असे: एक कोर, 1 जीबी मेमरी, 20 एंट्री प्रोसेस (एका वेळी चालू असलेल्या विनंत्या), सेकंदाला 1 एमबी डिस्क आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन). म्हणजे 'शेजारच्याने साइट खाल्ली' ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. बहुतेक वेळा आपण आपल्याच मर्यादेला धडकतो. कुठे धडकलो ते एररवरून कळतं. एंट्री प्रोसेस संपल्या की 508, मेमरी संपली की 500 किंवा 503. सीपीयू संपला तर एरर येत नाही, साइट नुसती रांगते.

इथेच पहिली चूक सापडली. 5 साइट एकाच सीपॅनल खात्यात अॅडऑन डोमेन म्हणून टाकलेल्या होत्या. अशा वेळी 20 प्रोसेस पाचही जणांत वाटल्या जातात, आणि एका साइटमध्ये मालवेअर शिरला तर उरलेल्या चारही त्याच्या हाती लागतात. प्रत्येक साइटला स्वतंत्र खातं केलं. निम्मी ओरड तिथेच थांबली.

मिठाईवाल्याचा आलेख मात्र विचित्र होता: एंट्री प्रोसेस 20 पैकी 20, सीपीयू जेमतेम 15 टक्के. काम नाही आणि रांग मात्र भरलेली, याचा अर्थ साइटचा कोड चालवणारं पीएचपी कोणाची तरी वाट बघत बसलंय. पिनकोडवरून डिलिव्हरी तपासणारं प्लगइन दर चेकआउटला बाहेरच्या सेवेला विचारत होतं आणि उत्तर यायला तीन-तीन सेकंद जात होते. गणित सोपं आहे: सेकंदाला येणाऱ्या, कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या पानातून) न भागणाऱ्या विनंत्या गुणिले एका विनंतीला लागणारे सेकंद. सेकंदाला 8 विनंत्या आणि प्रत्येकी 3 सेकंद म्हणजे 24 प्रोसेस, म्हणून 508. पिनकोडची यादी साइटच्याच डेटाबेसमध्ये ठेवल्यावर वेळ 0.7 सेकंदावर आला, गरज सहावर. ज्या साइटमुळे हे सगळं सुरू झालं, ती शेअर्डवरच राहिली.

डॉक्टरांचे दवाखाने, सोसायट्या, साडीचं दुकान अशा 11 माहितीपर साइटवर फार वेळ घालवला नाही. पेज कॅश चालू केला, वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) भेटींवर न चालता दर 5 मिनिटांनी सर्व्हरच्या क्रॉनवरून चालेल असं केलं, बस.

उरल्या दोन. एका क्लासची ऑनलाइन टेस्ट रविवारी दहाला सुरू होते. 300 मुलं 10 सेकंदांत 'स्टार्ट' दाबतात, लॉगिन असल्यामुळे कॅशचा उपयोग शून्य. सेकंदाला 30 विनंत्या, प्रत्येकी एक सेकंद, म्हणजे 30 प्रोसेस. थोड्या जादा, म्हणजे 40 धरल्या; एका प्रोसेसला 80 एमबी धरून 40 प्रोसेसला 3.2 जीबी, वर डेटाबेस. 4 कोर, 8 जीबीचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता आभासी सर्व्हर, पुरला. आठवड्यातल्या पाच मिनिटांसाठी डेडिकेटेड घेणं म्हणजे लग्नाच्या एका वरातीसाठी घोडा पाळणं.

डेडिकेटेडची खरी गरज निघाली ती भुलेश्वरच्या होलसेल दागिन्यांच्या साइटला. 40 हजार वस्तू, 9 जीबीचा डेटाबेस, दर 15 मिनिटांनी टॅलीतून स्टॉक. शेअर्डवर आयओची रेघ दिवसभर छताला चिकटलेली. आधी व्हीपीएसवर चालवून पाहिलं, पण 'टॉप' या लिनक्स कमांडमध्ये 'एसटी'चा (स्टील) आकडा दुपारी आठ-दहा टक्क्यांच्या खाली येईना. म्हणजे आपल्या वाटचा सीपीयू त्या यंत्रावरचे इतर पळवतायत. मग 64 जीबी रॅम, दोन वेगवान एनव्हीएमई डिस्क रेड 1 मध्ये (दोन्हींवर तीच माहिती), असा सर्व्हर घेतला.

आणि पहिल्या दिवशी साइट होती तितकीच हळू! एवढ्या रॅमवर डेटाबेसचा इनोडीबी बफर पूल (माहिती रॅममध्ये ठेवायची जागा) मूळ 128 एमबीवर आणि पीएचपी-एफपीएमचं मॅक्स चिल्ड्रन (एका वेळच्या पीएचपी प्रोसेसची मर्यादा) 5 वर. यंत्र मोठं असलं तरी ते आपणहून हे आकडे वाढवत नाही. पूल 24 जीबी आणि चिल्ड्रन 60 केल्यावर फरक दिसला. शिवाय एक विनंती एकाच कोरवर चालते, त्यामुळे 32 हळू कोरपेक्षा 8 वेगवान कोर बरे.

सर्व्हर ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आहे, पण म्हणून काही ठाणे-वाशी लोकल पकडून बटण दाबून येता येत नाही. आयपीएमआय कन्सोल (दूरवरून यंत्राचा पडदा आणि बटणं हाताळायची सोय) मिळतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा; फायरवॉलमध्ये स्वतःलाच कुलूप घातल्यावर तोच वाचवतो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, डिलीट झालेली फाइल दोन्ही डिस्कवरून डिलीट होते. सीपॅनलचं लायसन्स 2019 पासून खात्यांच्या संख्येवर आहे, तेही भाड्यात मिळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग (सर्व्हरच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे असतात, आणि लिनक्सचं मूळ लॉगरोटेट साधारण चार आठवड्यांत जुने लॉग पुसतं. तेही बदलावं लागलं.

हलवताना सर्वांत जास्त घोळ मेलचा. मेल मी शेअर्ड, व्हीपीएस, डेडिकेटेड या तिन्ही ठिकाणी वेबपासून वेगळा ठेवला. तरी नव्या सीपॅनलमध्ये 'ईमेल राउटिंग' लोकलवर राहिलं, तर साइटवरून मालकाला जाणारी ऑर्डरची मेल त्याच सर्व्हरच्या पोटात पडून राहते. एररही येत नाही. ते रिमोट करा. फॉर्मची मेल 587 पोर्टवरून लॉगिन करून पाठवा, नाहीतर नवा आयपी एसपीएफमध्ये (डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीत) नसल्यामुळे ती स्पॅममध्ये जाते.

डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचा टीटीएल (तो पत्ता इतरांकडे साठून राहायचा वेळ) दोन दिवस आधी 300 सेकंदांवर आणला. साइट नव्या सर्व्हरवर चढवून आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमधून (तिथे डोमेनचा पत्ता हाताने लिहिता येतो) तपासली. डोमेन जुन्याच सर्व्हरकडे असताना लेट्स एन्क्रिप्ट या मोफत एचटीटीपीएस प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेची नेहमीची फाइल-तपासणी नव्यावर पास होत नाही, म्हणून प्रमाणपत्र डीएनएस नोंदीवरून काढलं. बदल रात्री दोनला, ऑर्डर घेणं अर्धा तास बंद ठेवून, शेवटचा डेटाबेस तेव्हाच उचलून. जुनं खातं महिनाभर चालू ठेवलं आणि त्याच्या अॅक्सेस लॉगमध्ये फक्त बॉट उरल्यावर बंद केलं.