ती सांगायला गेली होती

"एवढी वर्षं लपवून ठेवलं, कमाल आहे बाईची!" काल 'अस्तित्व' बघताना शेजारच्या काकू बोलल्या. ते वाक्य डोक्यातून जाईना.

महेश मांजरेकरांचा २००० सालचा सिनेमा. तब्बूची अदिती, गाणं शिकवणाऱ्या मल्हारपासून दिवस राहिल्यावर, नवऱ्याला खरं सांगायला जाते. पण सचिन खेडेकरांचा श्रीकांत बाप होण्याच्या आनंदात तिला धड बोलूच देत नाही.

पुढे मल्हार मृत्युपत्रात सगळं अदितीच्या नावे करतो, त्यामुळे श्रीकांतला संशय येतो. मग जुन्या डायऱ्या काढून तारखांचा हिशोब!

बाहेरगावी त्याने स्वतः केलेल्या भानगडींची मात्र झडती नाही. मला राग येतो तो याचाच.

लपवलं तिने, हे खरंच. पण आपल्या घरांत बायकोचं सगळं ऐकून घ्यायची तयारी किती नवऱ्यांची असते?