क्रूझ ठरवताना आधी वेळापत्रकाचं पान काढा

क्रूझचं माहितीपत्रक हातात आलं की पोहण्याचे तलाव आणि बुफेची पानं उलटून सरळ वेळापत्रक वाचा. जहाज कुठल्या बंदरात किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं आणि मध्ये किती दिवस नुसता समुद्र आहे, एवढं पाहिलं की सहल जहाजाची आहे की गावांची ते कळतं. घरात याचा निकाल आधी लावावा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मुंबईहून सुटणारी दोन-तीन रात्रींची क्रूझ ही जहाजाचीच सहल. मुलाबाळांसह मोठं कुटुंब असेल तर उत्तम. पण गोवा बघायचा म्हणून ती घेऊ नये. जहाज मुरगाव बंदरात लागतं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यातच दीड-दोन तास गेले. लक्षद्वीपला मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. लाटा वाढल्या की उतरणं रद्द होतं आणि त्यापोटी भाडं परत मिळत नाही. ग्रीसमधल्या सांतोरिनीलाही असंच बोटीने उतरावं लागतं. हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघेदुखीवाल्यांना जड जातं, म्हणून अशी बंदरं किती आहेत ते बुकिंगआधीच विचारा.

युरोपच्या समुद्री क्रूझमध्ये बंदरांच्या नावांवर जाऊ नका. ‘रोम’ म्हणजे चिविताव्हेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे दोनशे किलोमीटर. सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणाऱ्या जहाजातून पॅरिस बघायचं, तर बसच्या खिडकीतूनच जास्त दिसेल. स्वतः गाडी करून गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. लांबच्या ठिकाणी तरी जहाज कंपनीनेच नेलेली सहल घ्यावी, महाग असली तरी.

गावं बघायची असतील तर माझं मत नदीच्या क्रूझला. ऱ्हाइनवर ॲमस्टरडॅम ते बाझेल हा सात रात्रींचा नेहमीचा मार्ग. जहाज जास्तीत जास्त 135 मीटर लांब, प्रवासी दीडशे ते दोनशे. बऱ्याच गावांत धक्क्यावरून चालत बाजारपेठेत जाता येतं आणि हेलकाव्यांनी मळमळण्याचा त्रास जवळजवळ नाहीच. रूडेसहाइम ते कोब्लेन्झ हा किल्ल्यांचा पट्टा दिवसाउजेडी पार होतो ना, तेवढं बघून घ्या. इथली अडचण पाण्याची. उन्हाळा कोरडा गेला की ऑगस्टपासून याच पट्ट्यातल्या काऊबजवळ नदी उथळ होते, 2022 मध्ये तशी झाली होती. उलट पूर आला तर जहाज पुलाखालून जात नाही. दोन्ही वेळी प्रवाशांना बसने पुढे नेतात. मे-जून त्यातल्या त्यात बरा. सर्वांत खालच्या मजल्यावरची खिडकी पाण्याच्या जरा वर असते आणि उघडत नाही. धक्क्यावर दोन जहाजं शेजारी लागली, तर बाल्कनीसमोर दुसऱ्याची भिंत येते. बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे भरण्याआधी याचा विचार करा.

नदीची क्रूझ महाग वाटते, पण तिच्या भाड्यात बहुतेक वेळा शहरदर्शन आणि जेवणाबरोबरची वाइन धरलेली असते. समुद्री क्रूझच्या स्वस्त आकड्यात सेवाशुल्क मिळवा. माणशी रोज 16 ते 20 डॉलर धरले, तर दोघांचे सात रात्रींचे 224 ते 280 डॉलर झाले. वर पेयं, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली. मगच तुलना करा.

समुद्री जहाजावर मळमळ होणाऱ्यांनी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी. तलावाच्या थेट खाली नको, पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. सर्वांत स्वस्त ‘गॅरंटी’ केबिनमध्ये जागा कंपनी ठरवते, त्यामुळे आजी-आजोबा शेजारच्याच खोलीत हवे असतील तर ती घेऊ नका.

व्हिसाचं शेवटी, पण अडतं ते यावरच. जहाज ग्रीसहून तुर्कस्तानात जाऊन परत ग्रीसला येणार असेल, तर शेंगेन (म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कारण परदेशी जहाजाने वाटेत परदेशी बंदर घ्यावं असा अमेरिकेचा 1886 चा कायदा आहे. तेव्हा अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचेही महिने हाताशी ठेवूनच तारीख पक्की करा.