चिखलदऱ्याच्या डोंगरावर मारिया मातेचा सण, आणि आजीच्या भिंतीवरचे पोप

7 सप्टेंबर 2025, रविवार. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, त्यामुळे अमरावतीहून निघालेली एसटी परतवाड्यात शिरली तेव्हा रस्त्याच्या कडेचा चिखल पण गुलाबी झालेला. स्टँडसमोर गरम आलुबोंडा खाल्ला, वर चहा मारला आणि चिखलदऱ्याची गाडी धरली. धामणगाव गढी मागे पडली की घाट सुरू होतो आणि सप्टेंबरात हा घाट म्हणजे काय सांगावं, सागाची मोठमोठी पानं पाण्यानं निथळतायत, दर वळणाला एक धबधबा, आणि एका जागी तर धुकं इतकं दाट की ड्रायव्हरनं लाईट लावून, हॉर्न वाजवत वाजवत गाडी काढली. रविवार म्हणून पर्यटकांची ही गर्दी, भीमकुंडाकडे जाणाऱ्या गाड्यांची लाईन लागलेली. मला तिकडे जायचं नव्हतं. पठारावर थोडं आत माझ्या मावशीचं गाव आहे, तिथे 8 सप्टेंबरला मारिया मातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, जन्माचा सण असतो. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, आणि नवव्या दिवसानंतर सण. लहानपणी आईसोबत दरवर्षी जायचो, मग नोकरीमुळे सुटलं ते सुटलंच. यावर्षी ठरवूनच गेलो.

आमच्याकडे विदर्भात कॅथलिक लोक आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं, ख्रिश्चन म्हटलं की वसई नाहीतर गोवा. पण नागपूरचा धर्मप्रांत 1887 सालचा आहे आणि अमरावतीचा वेगळा धर्मप्रांत 1955 मध्ये झाला. त्याच्याही आधीपासून फ्रान्समधल्या आन्सी गावचे फादर या भागात फिरत होते, बैलगाडीनं, घोड्यावरून, पायी. मेळघाटातल्या पावसात आणि हिवतापात त्या लोकांनी काय दिवस काढले असतील. मावशीच्या गावात मराठी घरं आहेत, कोरकू घरं पण आहेत, चर्च छोटंसं कौलारू, आणि अंगणात काळ्या दगडांची लूर्द मातेची गुहा, तिच्यावर पावसाळ्यात हिरवंगार शेवाळ चढतं.

मी पोचलो तर मावशीच्या घरी पोट्ट्यांची सभा भरलेली. त्याच दिवशी दुपारी रोममध्ये कार्लो आकुतिसला संत जाहीर करणार होते, आपल्याकडचे दीड वाजता. पठारावर रेंजचा भरवसा नाही म्हणून मोबाईल खिडकीत गव्हाच्या डब्यावर उभा करून ठेवला होता आणि सगळे त्याच्यासमोर. मधेच चित्र अडकायचं, मधेच नुसता आवाज यायचा. पोप लिओ चौदावे यांनी नाव घेतलं तेव्हा सेंट पीटर्स चौकात त्याचे आईवडील स्वतः हजर होते. स्वतःच्या पोराला संत होताना बघणं! कार्लो 2006 मध्ये ल्युकेमियानं गेला, वय अवघं 15. कॉम्प्युटरचा नाद, जगभरातल्या पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या (चर्चमधल्या उपासनेत वाटतात ती पवित्र भाकर) चमत्कारांची वेबसाईट त्यानं बनवली होती. मावशीचा नातू मला म्हणे, मामा, हा तर जीन्स घालते, बूट घालते, मंग हा संत कसा? मी म्हटलं, अरे संत व्हायला कपडे बदलावे लागत नाहीत.

पण माझ्या डोक्यात राहिली ती शेजारची आजी. ती पण मोबाईलसमोर येऊन बसली होती, कार्यक्रम संपला तशी माझा हात धरून म्हणाली, "चाल बापू, माह्या घरी चाल, तुले माहे पोपबाबा दाखवतो."

आजीचं घर म्हणजे पुढची खोली, मागे चूल आणि एका कोपऱ्यात कुटकीचं पोतं. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र, त्याच्या एका बाजूला फ्रेममध्ये पोप जॉन पॉल दुसरे, जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं चित्र, खालची तारखांची कडा अजून थोडी दिसते. आणि दुसऱ्या बाजूला गाडगेबाबा. मी बघतच राहिलो. आजी म्हणे, "काऊन पाह्यतं असा? हा गाव झाडे, तो मानसाचं मन झाडे. दोघंयी माहेच."

फेब्रुवारी 1986 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे भारतात आले होते, मुंबईतही आले होते. आजी तेव्हा गावातल्या लोकांसोबत बडनेऱ्याहून रेल्वेनं गेलती. गर्दीत लांबून एक पांढरा ठिपका दिसला, बस. तेवढ्यावर जन्मभराचं प्रेम. आता कोणी म्हणेल की ठिपका पाहून कसलं प्रेम, पण शेगावच्या पालखीत लाखाच्या गर्दीत ज्याला लांबून नुसता कळस दिसतो त्याला विचारा.

आजीची गोष्ट मात्र 2005 ची आहे. 2 एप्रिलला पोप गेले, अंत्यविधीच्या दिवशी रोममध्ये लोक ओरडत होते, सांतो सुबितो, म्हणजे यांना लगेच संत करा. त्यानंतरच्या रविवारी इथल्या त्या वेळच्या फादरांनी प्रवचनात एक गोष्ट सांगितली. 13 मे 1981 ला सेंट पीटर्स चौकात मेहमेत अली अग्जा नावाच्या माणसानं पोपवर गोळ्या झाडल्या, पोटात गोळी लागली, रक्त इतकं गेलं की वाचतात की नाही अशी गत. आणि डिसेंबर 1983 मध्ये हेच पोप रोमच्या तुरुंगात गेले, त्या माणसाच्या कोठडीत, त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि त्याच्याशी बोलत राहिले. माफ तर त्यांनी आधीच करून टाकलं होतं, गोळी लागल्यानंतर चार दिवसांत, दवाखान्यातूनच.

आजी म्हणाली, "बापू, तवा आमच्या घरी धुऱ्याचं भांडन चालू होतं."

आता धुऱ्याचं भांडण काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. दोन वावरांच्या मधला वीतभर धुरा, तो कोणी नांगरून घेतला यावरून घरंच्या घरं संपतात. आजीच्या दिरानं लाकडी उभारी मारून आजीच्या नवऱ्याचा हात मोडला होता, पोलीस केस झाली, अचलपूरच्या कोर्टात तारखांवर तारखा. दोन घरांमध्ये फक्त एक कुड, पण वर्षानुवर्षं बोलणं बंद, पोरांना पण एकमेकांच्या अंगणात जायची मनाई. आणि चर्चमध्ये मात्र दर रविवारी दोन्ही घरं हजर, एक उजवीकडे बसे, एक डावीकडे.

ते प्रवचन ऐकून आजी घरी आली आणि तिला जेवणच जाईना. नवऱ्याला म्हणाली, आपण जाऊ. नवरा म्हणे, माहा हात मोडला, तुहा नाई. खरंच होतं ते. मग त्या वर्षीच्या नाताळात ती एकटीच करंज्यांचा डबा घेऊन कुडाच्या पलीकडे गेली. दीर खाटेवर बसला होता, त्यानं मान वर केली नाही. जाऊ म्हणाली, आत या. एवढंच झालं त्या दिवशी. नवरा तर पुढचं आख्खं वर्ष गेला नाही. मग दिराला लकवा मारला, आणि ज्या हाताला उभारी लागली होती त्याच वाकड्या हातानं आजोबांनी त्याला पेज पाजली. हे सांगताना आजीनं स्वतःचा हात कोपरातून वाकवून दाखवला, असा, असा वाकडाच राह्यला होता म्हणे, चमचा सांडे, तरी पाजे.

"लोकं म्हनतेत त्याच्या नावानं बिमाऱ्या बऱ्या होतेत. होत असतीन. माह्या घरी हा चमत्कार झाला."

मी रात्री त्यावर खूप विचार केला. त्या रात्री चंद्रग्रहण होतं, पण वर आभाळ गच्च भरलेलं, काही दिसलं नाही, त्यामुळे मी आणि फादर चर्चच्या ओट्यावर बसून उशिरापर्यंत बोलत होतो. फादर तरुण आहेत आणि त्यांनी मला ही सगळी संतपदाची पद्धत नीट समजावून सांगितली, ती इथे लिहितो कारण आपल्याकडे याबद्दल गैरसमज फार आहेत. कॅथलिक माणूस चमत्कार संतानं केला असं म्हणत नाही. करणारा देव. संत आपल्या वतीनं देवाकडे मागणं घालतो, मध्यस्थी म्हणतात त्याला. आणि पोप आहे म्हणून कोणी आपोआप संत होत नाही. विसाव्या शतकातल्या पोपांपैकी पायस दहावे, जॉन तेविसावे, पॉल सहावे आणि जॉन पॉल दुसरे एवढेच संत झाले. पोपसुद्धा दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापकबुली देतात, हे ऐकून माझे ऑफिसमधले मित्र चाट पडतात.

माणूस गेल्यावर साधारण 5 वर्षं थांबायचं, म्हणजे भावनेचा जोर ओसरू द्यायचा. मग चौकशी, साक्षीदार, त्याचं लिहिलेलं सगळं तपासायचं. तेव्हा तो देवसेवक. आणि पहिली परीक्षा चमत्काराची नसतेच! आधी बघतात की या माणसानं श्रद्धा, आशा आणि प्रेम किती टोकापर्यंत जगून दाखवलं. ते पटलं तर वंदनीय. त्यानंतर एक चमत्कार सिद्ध झाला तर धन्य, आणि दुसरा झाला तर संत. रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला, असेल तर धन्य व्हायला चमत्कार लागत नाही, त्यानं जीवच दिलेला असतो. आणि चमत्काराची फाईल डॉक्टरांकडे जाते. सातजणांचं मंडळ असेल तर किमान पाचांनी म्हणावं लागतं की हे बरं होणं आम्हाला समजावून सांगता येत नाही. अचानक, पूर्ण आणि कायमचं बरं झालेलं पाहिजे. डॉक्टर चमत्कार हा शब्द वापरतच नाहीत, ते काम पुढे धर्मपंडितांचं.

जॉन पॉल यांच्या बाबतीत 5 वर्षांची अट पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी माफ केली. पहिला चमत्कार मारी सिमोन-पिएर या फ्रेंच सिस्टरचा, तिला पार्किन्सन्स होता, जो स्वतः पोपनाही होता. दुसरा कोस्टा रिकाच्या फ्लोरिबेथ मोरा या बाईचा, मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली. 2011 ला धन्य, आणि 27 एप्रिल 2014 ला संत.

मी फादरना मदर तेरेसांचं विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय राहवतच नाही. बंगालमधल्या मोनिका बेसरा यांची पोटातली गाठ गेली तो चमत्कार चर्चनं मानला, पण तिथल्या काही डॉक्टरांचं म्हणणं होतं की औषधांनी बरी झाली. फादर चिडले नाहीत. म्हणाले, प्रश्न विचारलेच पाहिजेत, पण मदरवर लोकांचं प्रेम त्या गाठीमुळे बसलं का? मला पटलं ते. 1964 मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले होते, भारतात आलेले पहिले पोप. त्यांनी वापरलेली गाडी जाताना मदरना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून तो पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. ज्या अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं त्या अमरावतीच्या माणसाला या गोष्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

एक गोष्ट फादर फार कळकळीनं बोलले. इथे मेळघाटात लेकरू तापलं की भुमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे, नेतात, काहीजण आता चर्चमध्ये आणतात. ते म्हणतात, मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि लगेच दवाखान्यात पाठवतो, गाडी नसेल तर माझी गाडी देतो. श्रद्धेच्या नावाखाली एक लेकरू गेलं तर त्याचा जाब देवाला मलाच द्यावा लागेल. असा धर्मगुरू गावाला मिळाला हे गावाचं भाग्यच म्हणायचं.

सोमवारी सकाळी पाऊस उघडला. मारिया मातेची मूर्ती फुलांच्या डोलीत, पुढे ढोल आणि बासरी वाजवणारी कोरकू पोरं, मागे जपमाळ म्हणणाऱ्या बाया, नमो मारियाच्या दर ओळीला सूर थोडा वर जाणारा. चिखलातून अनवाणी चाललो सगळे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत झाली, एक गीत कोरकूत. मग पंगत, रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, वर तुपाची धार. वाढायला आजीच्या दिराची सून होती आणि तिनं आजीच्या ताटात पहिला रोडगा कुस्करून दिला.

निघताना आजीनं विचारलं, "फ्रान्सिसबाबाले कवा संत करतीन?" पोप फ्रान्सिस 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं, आजी, नियमानं 2030 पर्यंत तर फाईल पण उघडत नाही.

"पाच वर्सं! मी राह्यतो का तवरी?"

शेजारी उभे असलेले फादर हसून म्हणाले, आजी, वेदीवर फोटो लावून पूजा करू नका, पण घरी मनातल्या मनात त्यांच्याजवळ मागायला कोणाची परवानगी लागत नाही.

आजीनं कमरेला खोचलेली चंची सोडली, पन्नासची नोट काढून माझ्या हातात कोंबली. परतवाड्यातून फोटो काढून आण म्हणे, फ्रेम मोठी नको, गाडगेबाबाच्या बाजूनं एवढीच जागा हाय, आणि हसताना पाह्यजेन, तोंड पाडलेला नको. पैसे परत करू लागलो तर रागावली. फोटो मी बनवून घेतलाय, व्हीलचेअरवरून लोकांना हात करताना हसतायत तो. पुढच्या आठवड्यात मावसभाऊ वर जाणार आहे, त्याच्याजवळ पाठवतो.