सिंह गेला, गॅरेज राहिलं

2012 साली मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये शटर उचललं, तेव्हा दोन लिफ्ट आणि एक जुना कॉम्प्रेसर एवढाच आमचा संसार. मी मूळचा तळेगाव दाभाड्याचा. होल्डन हे ऑस्ट्रेलियन गाड्यांचं नाव इथं येईपर्यंत ऐकलेलं नव्हतं. पण दारात यायची ती होल्डनचीच कमोडोर, नाहीतर यूट, म्हणजे मागं उघडा हौदा असलेली गाडी. हात त्याच गाडीवर बसला.

17 फेब्रुवारी 2020, सोमवार. जनरल मोटर्सनं जाहीर केलं, होल्डन बंद. 1856 साली अ‍ॅडलेडमध्ये खोगिरं विकत निघालेलं दुकान, 1948 पासून ऑस्ट्रेलियानं आपली मानलेली गाडी. अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ गावातला कारखाना 2017 लाच थांबला होता, आता नावही पुसलं. उजव्या स्टिअरिंगच्या एवढ्याशा बाजारासाठी गुंतवणूक परवडत नाही, हे त्यांचं गणित. कागदावर असेलही बरोबर.

आमचा हिशेब बायको बघते. ती म्हणाली, "जरा थांब, घाई करू नकोस." मी कसला थांबतोय! गाशा गुंडाळणाऱ्या एका दुकानातून होल्डनचा माल घाऊक उचलला. घरी येऊन बघतो तर बंपर, दरवाजे, ग्रिल. दोन वर्षं त्यांनी नुसती जागा अडवली. रोज लागायचे ते ब्रेक पॅड, बुश, इंजिन माउंट. त्यातलं एकही नव्हतं.

धंदा मात्र बसला नाही, उलट वाढला. रस्त्यावर तेव्हा 16 लाखांच्या आसपास होल्डन होत्या, त्या काय एका घोषणेनं भंगारात जाणार? जवळची शोरूम उठली आणि तिथली गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली. तिसरी लिफ्ट त्यातूनच आली.

2020 च्याच डिसेंबरात तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखानाही थांबला. आतेभावाचा फोन, "तुझ्या पायगुणानं दोन्हीकडं कुलूप लागलं बघ!"

मागच्या हिवाळ्यात एक आजोबा आले. खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत कमोडोरच्या ग्रिलवरचा सिंह, होल्डनचं चिन्ह, दगड ढकलणारा, मधोमध तडकलेला. म्हटलं, ब्रेकही घासलेत, आधी ते बघू. "ते नंतर. आधी हा."

पडीक मालातली एक ग्रिल नेमकी त्यांच्या मॉडेलची निघाली, सिंहासकट. पुसून बसवून दिली. फुकट दिली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण पैसे घेतले. निम्मे. ब्रेकचे पूर्ण.