आर२, आर३ आणि साइटवरचं अ‍ॅप

पाचव्या मजल्याचा स्लॅब भरून 11 दिवस झाले होते. बीमच्या बाजूच्या फळ्या निघाल्या होत्या आणि प्लंबिंगवाला वर बोट दाखवून विचारत होता, "मॅडम, पाइप कुठून नेऊ?" बीममध्ये स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच सोडलेली नळी) होती, पण हवी तिथून जवळजवळ अर्धा मीटर बाजूला. सुपरवायझरने खिशातून घामाने मऊ पडलेली ड्रॉइंगची घडी काढली. त्या कागदाप्रमाणे त्याचं काम अगदी बरोबर होतं. फक्त तो कागद आर२, म्हणजे ड्रॉइंगची जुनी, दुसरी सुधारित आवृत्ती होता. आर३ येऊन तीन आठवडे झाले होते. ते माझ्या मेलमध्ये होतं, ऑफिसच्या संगणकावर 'अंतिम' नावाच्या फोल्डरमध्ये होतं आणि साइटच्या मोबाइल ग्रुपवरही होतं. ग्रुपवर त्याच संध्याकाळी सळईच्या गाडीचे आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो येऊन ते गाडलं गेलं होतं.

बीमला भोक पाडायचं तर आधी स्ट्रक्चरल डिझायनरची परवानगी लागते, मग स्कॅनर फिरवून आतली सळई कुठे आहे ते पाहायचं आणि त्यानंतर कोअर कटिंग. डिझायनरने हव्या त्या जागी साफ नकार दिला. पाइपला दोन बेंड द्यावे लागले आणि त्या पट्ट्यात छत खाली घ्यावं लागलं. मी त्या साइटची प्लॅनिंग इंजिनिअर. आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले, "आपल्याला सॉफ्टवेअर लागेल."

घेतलं. आणि पहिली चूक तिथेच झाली. नवी गाडी घेतली की सगळी बटणं दाबून पाहावीशी वाटतात, तसं मी पहिल्याच आठवड्यात सगळं चालू केलं. वेळापत्रक, ड्रॉइंग, रोजचा प्रगती अहवाल, क्वालिटी, सेफ्टी, मटेरियल, सगळं. माझा जीव वेळापत्रकात. कुठलं काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो ते शोधणारी क्रिटिकल पाथची पद्धत 1950 च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत आकाराला आली, हेन्री गँटचे पट्ट्यांचे तक्ते तर त्याहून कितीतरी जुने, आणि हे सगळं आता बोटाच्या टोकावर आलंय याचंच मला अप्रूप होतं. साइट इंजिनिअरला मात्र रात्री 9 वाजता, बूट काढायच्या आधी, 42 रकान्यांचा फॉर्म भरायचा होता.

दीड महिन्यानंतर मी अहवाल चाळायला बसले, तर साइट बंद होती त्या दिवशीही 36 कामगार हजर होते. प्लास्टर चालू, हवामान स्वच्छ. फॉर्ममध्ये 'कालची माहिती आणा' असं एक बटण होतं. बिचाऱ्याने ते दाबलं होतं. रागावणार कुणावर? त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. शिवाय वरच्या ऑफिसला जुना एक्सेल अहवालही लागायचाच, म्हणजे एकच माहिती दोनदा लिहायची.

मी सगळं बंद केलं. फक्त ड्रॉइंग ठेवली.

दिसायला हे सोपं काम, पण पुढचे दोन महिने त्यातच गेले. बांधकामाच्या माहितीबद्दलचं आयएसओ 19650 हे मानक 2018 मध्ये आलं. त्यात प्रत्येक कागदाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: काम चालू असलेला, इतरांना पाहायला दिलेला, वापरासाठी जारी झालेला आणि जुना होऊन कपाटात गेलेला. आम्ही त्यातला एवढाच भाग घेतला. साइटवरच्या मोबाइलवर फक्त तिसऱ्या अवस्थेतलं ड्रॉइंग दिसेल, बाकी काही दिसणारच नाही. अपलोड करणारा माणूस एकच. ग्रुपवर ड्रॉइंग टाकायला बंदी. ती मोडणारी पहिली व्यक्ती आमचे आर्किटेक्टच होते, ते सोडा. प्रत्येक छापील ड्रॉइंगच्या कोपऱ्यात क्यूआर कोड. मोबाइल धरला की हिरवी पट्टी म्हणजे चालू, लाल म्हणजे रद्द. मुकादमाला वाचायचा कंटाळा, पण हिरवं-लाल त्याला पहिल्या दिवशीच कळलं. पुढे एकदा मीच सळईच्या यार्डात जुना प्रिंट घेऊन गेले, तर त्याने मोबाइल धरून दाखवला. "मॅडम, तुमचं लाल आहे." त्या दिवसापासून यार्डात मला कुणी फार घाबरत नाही.

ड्रॉइंग बसल्यावर फोटो आणि त्रुटींची नोंद घेतली, तेव्हा एक वेगळंच कोडं समोर आलं: जागेचं नाव. माझ्या मते या सगळ्यात जास्त विचार कुठे करायला हवा असेल तर इथे. एकाच खोलीला आर्किटेक्ट 'बेडरूम 2' म्हणतात, स्ट्रक्चरवाला 'सी-4 ते डी-5', प्लंबिंगवाला 'शाफ्ट 3 च्या शेजारी' आणि मुकादम म्हणतो 'टाकीकडची बाजू'. अ‍ॅपमध्ये एकाच गळतीच्या चार नोंदी चार ठिकाणी पडल्या आणि प्रत्येकाला वाटलं, ही दुसऱ्या कुणाची. शेवटी आम्ही बसून इमारत, मजला, युनिट, खोली अशी एकच यादी केली. ती पक्की करायला दोन आठवडे आणि बरीच भांडणं लागली. मग रंगाचा डबा घेऊन प्रत्येक कॉलमवर ड्रॉइंगमधला त्याचा ग्रिड क्रमांक (सी-4, डी-5 असा) लिहून घेतला. एवढं महाग सॉफ्टवेअर आणि त्याला खरा आधार मिळाला तो डबाभर लाल रंगाचा.

तळघरात रेंज नव्हती. ऑफलाइन न चालणारं अ‍ॅप साइटवर आणू नये, इतकंच सांगते. आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही, ओल्या सिमेंटच्या बोटांनी टच चालत नाही, या गोष्टी मीटिंग रूममधल्या प्रात्यक्षिकात कधीच कळत नाहीत.

मग पोअर कार्ड. काँक्रीट ओतण्याआधी शटरिंग (फळ्यांचा साचा), सळई, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), स्लीव्ह, वायरिंगचे पाइप हे सगळं तपासून सही करायचं कार्ड. ते मोबाइलवर आणलं आणि फार खूश झाले, कारण फोटोशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. मग एकदा वेळेच्या नोंदी पाहिल्या. 28 मुद्दे, सगळे 'ठीक', लागलेला वेळ 40 सेकंद. फोटो एकाच कोपऱ्याचे.

इंजिनिअरला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, काँक्रीटची गाडी खाली उभी असते हो. ड्रम फिरतोय, पंपवाला ओरडतोय. तेव्हा मी 'ठीक नाही' कसं लिहू?"

त्याचं खरं होतं. मिसळलेलं काँक्रीट ठरावीक वेळेत ओतावंच लागतं, उशीर झाला की ते घट्ट होत जातं आणि कुणीतरी हळूच त्यात पाणी ओततं. पाणी वाढलं की ताकद घटली. म्हणजे आम्ही तपासणी अशा क्षणी ठेवली होती, जेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं. कागदावरही तेच चालत होतं. फक्त कागदावर 40 सेकंद दिसत नाहीत. आम्ही क्रम बदलला: पोअर कार्ड पूर्ण झाल्याशिवाय काँक्रीटची ऑर्डरच जाणार नाही. पहिले दोन स्लॅब एकेक दिवस पुढे गेले. ठेकेदार चिडले, साहेबांनी मला फोन केला. तिसऱ्या स्लॅबच्या वेळी सुपरवायझर आदल्या दुपारीच स्लीव्ह मोजत होता.

प्रगतीचे टक्केही याच सुमारास काढून टाकले. टक्के विचारले की काम चार आठवडे '90 टक्क्यांवर' उभं राहतं. आता किती घनमीटर, किती टन, किती चौरस मीटर एवढंच विचारतो. टक्के काय ते अ‍ॅप काढेल. रोजचा अहवाल 42 रकान्यांवरून 7 वर आला आणि दुपारच्या सुट्टीत भरला जाऊ लागला. क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद पाहणं, तिच्या 7 आणि 28 दिवसांच्या तारखांची अ‍ॅप आपोआप आठवण करून देतं. पूर्वी 28 वा दिवस 33 व्या दिवशी उजाडायचा.

बिलिंग मात्र अजून जमलेलं नाही. मोजमापं अ‍ॅपमध्ये आहेत, फोटो आहेत, तारखा आहेत, पण सल्लागारांना मोजमाप पुस्तकावर शाईची सही लागते. म्हणून महिन्याच्या 25 तारखेला मी अजूनही सगळं छापते, पंच करते आणि फाइल काखेत मारून त्यांच्या केबिनबाहेर बसते. छापील पानांवर क्यूआर कोड टाकलाय. त्यांनी अजून तो एकदाही स्कॅन केलेला नाही.